कटिंगवरचं भांडण

माझ्या जुन्या घरमालकांचा फोन आला की मी तो कानाला लावत नाही. गुहागरच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवते आणि कणीक मळता मळता सगळं ऐकते. स्पीकर लावायची गरज पडत नाही. एकदा त्यांनी गुडघेदुखीचं सविस्तर वर्णन केलं आणि फोन ठेवल्यावर शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, निरगुडीचा पाला गरम करून बांधा." मी तो निरोप पोचवला. काका म्हणाले, "बघा, मी तुम्हांला खाजगीत सांगितलं, नि ते गुहागरात कसं फुटलं?"

हळू बोलणं हा प्रकार देवानं त्यांना दिलाच नव्हता. लहानपण भातशेतीच्या राखणीत गेलेलं, शेतातल्या माळ्यावर बसून रानडुकरांना हाका घालण्यात. पुढे शेत सुटलं, आंबे-पोफळी आल्या, केस पांढरे झाले, पण आवाज त्या माळ्यावरून खाली उतरला नाही. घशाच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना आठवडाभर मौन पाळायला सांगितलं. "का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाहेर बसलेले दोन पेशंट उठून आत आले म्हणतात.

गुपित सांगायची त्यांना भारी हौस. मला तुळशीपाशी बोलावायचे, इकडेतिकडे बघायचे, तोंडाला तळव्याचा आडोसा करायचे आणि सांगायचे, "बाई, कोणाला बोलू नका, पण तुमचे हेडमास्तर केसांना कलप लावतात." वाडीतल्या कुत्र्यांनीसुद्धा कान टवकारले. दुसऱ्या सोमवारी हेडमास्तर पांढरे केस घेऊन शाळेत आले आणि माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. एका मयताच्या घरी समाचाराला गेलो होतो. तिथे काका बायकोच्या कानाशी वाकून म्हणाले, "चला निघू, इथे चहा मिळेलसं दिसत नाही." पाचव्या मिनिटाला चहा आला, आणि सोबत बिस्किटंही.

मी काकूंना एकदा म्हटलं, "काकू, त्यांना सांगा ना, सगळ्यांना ऐकू जातं." काकू कुळीथ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना वाटतं आपण कुजबुजतो. वाटू दे. या वयात माणसाचा भ्रम मोडून काय मिळवायचं?"

मी कऱ्हाडची. रत्नागिरीच्या त्या खेड्यात शाळेवर नेमणूक झाली तेव्हा मला समुद्राची भीती वाटेल असं घरच्यांना वाटलं होतं. समुद्र तिथून तसा लांबच होता. भीती वाटली ती पहिल्याच संध्याकाळी, आणि घरमालकांची.

त्यांचं घर रेल्वेच्या कटिंगला लागून होतं. जांभ्याचा डोंगर सरळ कापून खाली रूळ टाकलेले, आणि दोन्ही काठांवर लाल भिंतीसारखा उभा कडा. अलीकडच्या काठावर काकांचं घर आणि नारळी-पोफळीचं आगर, पलीकडच्या काठावर त्यांच्या चुलतभावाचं. पलीकडे जायचं तर खालच्या पुलावरून मोठा वळसा होता. मी ट्रंक उघडून साड्या लावत होते, तेवढ्यात बाहेर खून पडतोय असा गलका सुरू झाला. धावत गेले तर काका काठावर उभे, अंगात गंजी, कमरेला पंचा, आणि हात वर करून ओरडतायत,

"तुझ्या फणसात गरे न धरता नुसत्या आठळ्या भरू देत रे, शिंच्या."

पलीकडच्या काठावर तसाच गंजी, तसाच पंचा. "तुझं आमसूल वाळायला घातलंस की पाऊस येऊ दे."

"तुझ्या जावयाला मासे न आवडू देत."

"तुझ्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरू देत, नि तेल लावलंस तरी थांबू नयेत."

मी काकूंकडे पळाले. म्हटलं, कोणाला तरी बोलवा. काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि अंगणाकडे तोंड करून शांतपणे हाक मारली, "अहो, चहा निवतोय." मग मला म्हणाल्या, "घाबरू नका बाई. सकाळी शिंपणं झालं की एकदा, नि दिवेलागणीला एकदा. मधे काही नसतं."

हे भांडण कशावरून होतं ते मला कळायला पुढचे बरेच महिने लागले, कारण ज्याला विचारावं तो हसायला लागायचा. दोघांच्या आजोबांच्या वाटणीत जमिनीचा एक पट्टा राहिला होता. मधला गडगा, म्हणजे जांभ्याच्या दगडांचा बांध, कोणाच्या हद्दीत यावर दोन पिढ्या कोर्टात गेल्या. मग रेल्वे आली आणि तिनं नेमका तोच पट्टा घेतला. भांडणाची जमीन रुळांखाली गेली. आमच्याकडे देशावर असं झालं असतं तर लोकांनी हात जोडून घरी जाऊन भाकरी खाल्ली असती. इथे भांडण वाढलं. कारण आता मोजणी करून कोण खरा ते ठरवायची सोयच उरली नव्हती.

काका भावाचं नाव घेत नसत. 'पलीकडचा' म्हणत. पलीकडचेही यांना 'पलीकडचा'च म्हणत. त्यात एक अडचण अशी होती की पलीकडच्यांचा एक कापा फणस अलीकडे राहून गेला होता. रेल्वेनं जमीन कापली, झाड कापलं नाही. काका त्या झाडाला हात लावत नसत. फणस पिकून खाली पडला, वासानं घर भरून गेलं, तरी उचलत नसत. "दुसऱ्याचं आहे," म्हणायचे, आणि नाक दाबून जेवायला बसायचे.

या गोष्टीतले तिसरे भागीदार म्हणजे गवे. वरच्या सड्याला, त्या कातळी माळाला, लागून जंगल होतं आणि खाली पऱ्या, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात वरची डबकी आटली की गव्यांचा कळप पाण्यासाठी खाली उतरायचा, बहुतेक पहाटे आणि दिवेलागणीला. मधे रूळ. काका त्यांना 'मंडळी' म्हणत. "मंडळी उतरली वाटतं," असं म्हणून बोट दाखवायचे, आणि झाडीत मला आधी काहीच दिसायचं नाही, मग एकदम पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसायचे.

"तुम्हांला जनावरांची आवड दिसते," मी एकदा म्हटलं.

"आवड कसली? मागल्या साली वाल खाल्लेनी माझे सगळे. पुळकाबिळका काही नाही हो." मग म्हणाले, "पण वाट त्यांचीच. आपण मधे आलो."

सहा वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्यातली पहिली तीन वर्षं, सुट्टी सोडली तर, दिवसातून दोनदा हा कार्यक्रम ऐकला. माझ्या वर्गातली पोरं खेळताना भांडली की 'तुझ्या पन्ह्यात मीठ पडो' म्हणायची. शिव्या अशा असाव्यात की शाळेतही चालतील, याचं श्रेय मी काकांनाच देते. आईबहिणीवरून ते कधी गेले नाहीत. सगळे शाप आगरातले आणि स्वयंपाकघरातले.

हे मिटलं ते शिमग्यात. गावदेवाची पालखी घरोघर येते तेव्हा ती अलीकडच्या घरी आधी जायची की पलीकडच्या, यावरही या दोघांचा वाद होताच. त्या वर्षी पलीकडच्यांचं हृदयाचं मोठं दुखणं होऊन गेलं होतं. ते मुंबईला महिनाभर इस्पितळात राहून परत आले होते, आणि तो महिनाभर काका संध्याकाळी काठावर जाऊन नुसते उभे राहात. गावकऱ्यांनी ठरवून पालखी पुलावरच थांबवली. दोघांना बोलावून घेतलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्ये दोन भाव, यांच्या मनात काय इडापिडा असंल ती दूर कर रे म्हाराजा," आणि सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा." त्यात सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता. मग त्यांनी भावाच्या हातात नारळ दिला आणि भर पुलावर रडले, तेही त्यांच्या पद्धतीनं. खालच्या वाडीतली माणसं काय झालं म्हणून धावत वर आली.

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता आली तिला मी काही दिवस बिचकूनच होते. संध्याकाळ झाली की पलीकडचे काका वळसा घालून यायचे, झोपाळ्याच्या डाव्या बाजूला बसायचे. काका उजव्या बाजूला. दोघांत एक अडकित्ता. सुपारी कातरत तासभर बसायचे आणि फारसं बोलायचेही नाहीत. इतक्या वर्षांत सगळं बोलून झालं असावं. कापा फणसाचं पहिलं फळ उतरलं तेव्हा काकांनी ते स्वतः खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवलं. काटे टोचून खांदा सोलवटला होता. काकू हळद लावत होत्या आणि हे हसत होते. म्हातारपणी माणसाला खेळायला सवंगडी मिळाला की तो कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

वैशाखात एका पहाटे रेल्वेगाडी कटिंगमध्ये खूप वेळ थांबून राहिली. आम्ही काठावर गेलो. गव्याची एक मादी रुळांशेजारी पडली होती. आणि वर, आमच्या आगराच्या गडग्याला लागून, तिचं पिल्लू उभं होतं. खाली माणसं आली, गाडी गेली, मादीला बाजूला घेतलं, तरी ते दुपारपर्यंत हललं नाही. कुत्री भुंकायला लागली तशी काकांनी त्यांना हातानं गप्प केलं. हातानं. त्या दिवशी त्यांचा आवाज एकदाही ऐकू आला नाही आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

पिल्लू कळपात परत गेलं, पण सवय लागल्यासारखं रोज दिवेलागणीला तिथेच यायला लागलं. कडा ढासळून झालेल्या ज्या घसरणीवरून आई उतरली होती, तिच्यावरूनच खाली पाय टाकून बघायचं. काका झोपाळ्यावरून उठायचे, दगड भिरकावायचे, ते दोन पावलं मागे जायचं आणि पुन्हा यायचं. जेवताना काका घास हातात धरून बसायचे. "पोरकं आज ना उद्या गाडीखाली जाणार," एवढंच म्हणायचे.

वनखात्याचा एक तरुण अधिकारी आला. बोलायला मऊ, बूट चिखलाचे. त्यानं काठावर खांब रोवून एक भोंगा बसवला. गाडी यायच्या आधी त्यातून वाघाची डरकाळी वाजायची. पहिल्या दिवशी काकूंच्या गाईनं दूध चोरलं आणि वाडीतल्या एका आजींनी दाराला कडी घालून देवाचा जप सुरू केला. गवे मात्र थांबले, त्यांनी भोंग्याकडे नीट पाहिलं आणि आपल्या वाटेनं गेले. आठवडाभरात त्यातला एक त्या खांबाला अंग घासायला लागला.

अधिकारी निराश झाला नाही. तो ओटीवर बसून म्हणाला, "काकू, गाड्या इतकी वर्षं जातायत. मग आताच हे कटिंगमध्ये का उतरायला लागले? आधी कुठून जायचे?"

"त्या खालच्या मोरीतनं," काकू म्हणाल्या. ओढ्यावर रुळांखालून जायला एक मोठी मोरी होती, गवा सहज जाईल अशी.

"मग यंदा इथे काय बदललं?"

काकूंनी झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळ्यावर दोघे भाऊ सुपारी कातरत होते. काकू म्हणाल्या, "यंदा हे भांडत नाहीत."

आम्ही सगळे हसलो. अधिकारी हसला नाही. तो म्हणाला, रानातलं जनावर माणसाच्या आवाजाला भितं. गाडीची शिट्टी रोज वाजते आणि निघून जाते. पण माणूस ओरडला की त्याच्यामागून दगड येतो, कुत्रा येतो, कधी बंदूक येते. ते त्यांच्या अंगात मुरलेलं असतं, आणि दोन्ही काठांवरून ओरडा आला की मधे उतरायची त्यांची छाती होत नाही. त्याच्या मनात एक साधी गोष्ट आली होती. या दोघांचं भांडण टेप करायचं आणि तेच भोंग्यावर लावायचं.

त्या रविवारी अख्खी वाडी जमली. कोणी भजी तळून आणली होती. अलीकडच्या काठावर काका, पलीकडच्या काठावर भाऊ, मधे खाली रूळ. अधिकाऱ्यानं हात वर करून खूण केली.

"बोल रे," काका म्हणाले.

"तू बोल आधी. तू थोरला."

"तुझी तब्येत बरी आहे ना पण? गोळी घेतलीस?"

"घेतली. तू कर सुरुवात."

काकांनी छाती फुगवली आणि म्हणाले, "तुझ्या फणसात आठळ्या..." आणि त्यांना हसू फुटलं. पलीकडचे तर खालीच बसले, पोट धरून. तीनदा प्रयत्न झाला. शेवटी काकांनी गंभीर चेहरा करून, "तू फार वाईट माणूस आहेस," असं एखाद्या सभेत आभार मानावेत तसं म्हटलं. अधिकाऱ्यानं तेही टेप केलं आणि लावून पाहिलं. गव्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. माझ्यावरही झाला नसता.

पिल्लू येतच होतं.

मग एका संध्याकाळी काकांनी मला काठाशी बोलावलं. पलीकडे भाऊ वाकून पाटातला पाला काढत होते. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंडाला तळवा लावला आणि म्हणाले,

"बाई, कोणाला बोलू नका. उद्या सकाळी मी पलीकडच्याच्या कापा फणसाची फांदी तोडणार. झाडावर फार जीव आहे त्याचा. मग तो खरा चिडेल. खरा चिडला की घसा मोकळा होतो त्याचा."

"काका, हळू बोला," मी म्हटलं, "आणि असलं काही करू नका. इतक्या वर्षांनी तुमचं..."

"मिटलं. हो. मिटलं ते बरं झालं. सुख म्हणजे काय ते मला अडीच महिने कळलं." त्यांचा आवाज कुजबुजीतही डोंगरावर आपटत होता. "पण ते पोरकं माझ्या डोळ्यांदेखत मेलं तर मी त्या झोपाळ्यावर कसा बसू?"

मी पलीकडे पाहिलं. भाऊ पाटातला पालाच काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. वारा आमच्याकडे होता, म्हणून सुटलो, असं मी मनात म्हटलं.

सकाळी मी कुऱ्हाडीच्या आवाजानं उठले. बाहेर आले तेव्हा फांदी खाली पडली होती आणि पलीकडच्या काठावर भाऊ येऊन उभे होते. दोघे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, आता तो माणूस काही न बोलता घरात जाईल, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होईल. मग पलीकडून आवाज आला, दुखण्यानंतर इतका मोठा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

"अरे शिंच्या, माझ्या बापानं लावलेलं झाड ते. तुझ्या कुऱ्हाडीचा दांडा सैल होऊन तुझ्याच पायावर पडो."

"तुझ्या पायरीला शेवाळ धरो," काका कडाडले.

"तुझ्या सोलकढीचं नासकं ताक होवो."

"ताक सोलकढीत घालतात का रे, मेल्या? कढी करायची अक्कल नाही नि शाप द्यायला आलाय."

वर सड्याच्या कडेला कळप थबकला. पिल्लू सगळ्यांत पुढे होतं, घसरणीवर एक पाय टाकलेलं. त्यानं कान हलवले, पाय मागे घेतला, आणि एका मोठ्या गायीच्या मागून खाली मोरीच्या दिशेनं चालू लागलं. काकांनी ते पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडानं ते भावाच्या लोणच्याला बुरशी लागावी अशी इच्छा व्यक्त करत होते.

काकूंनी अधिकाऱ्याला फोन केला होता. संध्याकाळच्या भांडणाला तो झाडाआड बसून होता. ते टेप आजही रात्रीच्या गाड्यांच्या आधी त्या भोंग्यावर वाजतं. मध्येच काकूंचं "अहो, चहा निवतोय" आहे, तेही तसंच राहिलंय. आमच्या घरातला चहा निवतो हे सड्यावरच्या प्रत्येक गव्याला ठाऊक आहे. पण एकच टेप किती दिवस पुरणार, जनावर हुशार असतं. म्हणून सकाळ-संध्याकाळची मूळ जोडी कामावर लागली ती लागलीच. त्यानंतर त्या कटिंगमध्ये गवा सापडला नाही, असं काकू सांगतात.

झोपाळा मात्र अर्धा रिकामा झाला. भाऊ यायचे बंद झाले. काका उजव्या बाजूलाच बसायचे आणि डाव्या बाजूला अडकित्ता ठेवायचे. मला ते बघवत नसे. मी काकूंजवळ चिडून बोलायचे की हे कसलं पुण्य, एका वासरासाठी सख्ख्यासारखा भाऊ घालवला. काकू 'बघू' म्हणायच्या.

मग माझी गुहागरला बदली झाली. निरोप घ्यायला मी वळसा घालून पलीकडे गेले. पलीकडच्या काकांनी मला गरे खायला दिले, त्याच झाडाचे. अलीकडून काकू पोचवत असत, हे मला तेव्हा कळलं. मी धीर करून म्हटलं, "तुम्ही काकांवर राग धरू नका. त्यांनी ती फांदी मुद्दाम..."

"बाई," ते म्हणाले, "त्यानं तुम्हांला कानात सांगितलंन ना, ते मी पाटापाशी ऐकत होतो. सगळं. मान वर केली असती तर त्याला कळलं असतं. नि फांदी कुठली तोडलीन बघितलंत? वांझोटी. तिला कधी फळ धरलं नव्हतं."

"मग तुम्ही खोटं भांडता?"

"सुरुवात खोटीच करतो. पण दोन वाक्यांत खरा राग येतो हो. स्वभावच तसा आहे त्याचा." मग जरा जवळ सरकून म्हणाले, "त्याला बोलू नका. मला माहीत होतं हे कळलं तर त्याला हसू येईल, नि मग आम्ही पुन्हा त्या रविवारसारखे हसत बसू."

मी वळसा घालून परत आले ती मनाशी झगडत. अलीकडे म्हातारा एकटा झोपाळ्यावर बसलाय, भाऊ गमावला म्हणून झुरतोय, आणि मला माहीत आहे की त्यानं काहीच गमावलेलं नाही. हे पोटात ठेवून जायचं कसं? दिवे लागायची वेळ होत होती. काका अडकित्ता पुसत होते. मी म्हटलं, "काका, एक सांगू? पलीकडच्या काकांना त्या दिवशी..."

त्यांनी हात वर केला.

"बाई, तुमच्या हेडमास्तरांनी कलप सोडलान, तो काय त्यांना स्वप्न पडलं म्हणून? त्या मयताच्या घरी चहा आला, तो आपोआप आला? मला हळू बोलता येत नाही हे साऱ्या गावाला माहीत. मला तेवढं माहीत नसेल?"

मी पायरीवर बसले.

"तोंडावर 'चल भांडू' म्हटलं तर तो हसतो. तुम्ही बघितलंत. नि न सांगता झाडाला कुऱ्हाड लावली असती तर तो मेला असता, असलं हृदय त्याचं. मग त्याला सांगायचं कसं? तुम्हांला कानात सांगितलं."

"आणि हा झोपाळा?"

"ते सोसायचं. इथे येऊन बसला की गोडी लागते, नि गोडी लागली की घसा बसतो." त्यांनी डाव्या बाजूवरून हात फिरवला, धूळ झटकल्यासारखा. "शिमग्यात येतो तो, तुम्ही कऱ्हाडला गेलात की. तेव्हा गावभर ढोल वाजत असतात, मंडळी सड्यावरून उतरतच नाहीत. आम्हांला सुट्टी असते. बसतो दोघे पोटभर."

आतून काकूंनी कपबश्या मांडल्याचा आवाज आला. काका उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि काठाशी जाऊन उभे राहिले. खाली रूळ काळोखात शिरत होते.

"अरे पलीकडच्या," ते ओरडले, "मेलास की काय?"

पलीकडून लगेच उत्तर आलं.

"तुझ्याआधी नाही रे, शिंच्या."

वर सड्याच्या कडेला मंडळी थांबली होती. ती वळली आणि मोरीच्या वाटेला लागली.